लास पिन्यासचा बांबू ऑर्गन: नवल कमी, वाद्य अधिक

मनिलाच्या दक्षिणेला लास पिन्यास येथे सेंट जोसेफ चर्चमध्ये असलेल्या पाइप ऑर्गनची (नळ्यांत हवा सोडून वाजवायच्या वाद्याची) ख्याती बांबूमुळे झाली आहे आणि बहुतेक मंडळी त्या नवलापोटीच येतात. परंतु निव्वळ वाद्य म्हणूनही तो अव्वल दर्जाचा आहे. त्याच्या 1,031 नळ्यांपैकी 902 बांबूच्या आणि उरलेल्या 129 धातूच्या आहेत. ज्या नळ्यांत बासरीप्रमाणे हवा धारेवर आपटून स्वर उमटतो, त्यांना वेळू उत्तम मानवतो. तुतारीच्या जातीच्या नळ्यांत मात्र पेटीतल्या सुरांशी नाते सांगणारी पट्टी कंप पावते, आणि तिथे धातूच वापरलेला आहे.

स्पॅनिश पाद्री दिएगो सेरा यांनी 1816 मध्ये काम हाती घेतले. 1821 मध्ये ऑर्गन तुताऱ्यांवाचून वाजू लागला आणि 1824 मध्ये पूर्ण झाला. कीड लागू नये म्हणून कापलेला बांबू त्यांनी आधी किनाऱ्यावरच्या वाळूत पुरून ठेवला होता. (आपल्याकडच्या बुरुडांनाही ही चिंता नवी नाही.) पुढे भूकंपांनी आणि वादळांनी ऑर्गनची दैना केली. अखेर 1973 ते 1975 या काळात जर्मनीतील बॉन येथील क्लाइस या कारखान्याने त्याची दुरुस्ती केली. तिकडच्या हवेत बांबू तडकू नये म्हणून फिलिपिन्ससारखी दमट, उष्ण हवा राखणारी खोलीच तिथे तयार करण्यात आली होती. 2003 मध्ये त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला.

रचना अस्सल स्पॅनिश आहे. स्वरपट्टी (कीबोर्ड) एकच, पण स्टॉप, म्हणजे नळ्यांचे संच चालू-बंद करणाऱ्या खुंट्या, खर्जासाठी आणि तार स्वरांसाठी वेगळे असल्यामुळे डावा हात मऊ बांबूवर ठेवून उजव्या हाताने तुतारीवर धून वाजवता येते. पाखरांची किलबिल काढणारा स्टॉपही आहे. तो मुलांना आवडतो, मला फारसा नाही. बांबूचा स्वर किंचित श्वासमिश्रित, गोलसर असून शांत रचनांत तो फार खुलतो. जर्मन संगीतकार बाखच्या, भरघोस पेडलवर (पायांनी वाजवायच्या पट्ट्यांवर) उभ्या असलेल्या मोठ्या रचनांची अपेक्षा मात्र येथे ठेवू नये. जुने स्पॅनिश संगीत या वाद्याला अधिक शोभते.

1976 पासून दर फेब्रुवारीत येथे आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. जमल्यास तेव्हाच जावे, आणि आडव्या तुताऱ्यांचा मारा थेट अंगावर घ्यायचा नसेल तर ऑर्गनपासून जरा दूरची जागा धरावी.