एलेव्हेशन आधी की जागा आधी? दोन डिझाइनमधून एक निवडताना

समोर घराची दोन डिझाइन आहेत, एकाचा थ्रीडी व्ह्यू बघताच घरातले सगळे खूश आणि दुसरं दिसायला साधं, पण त्याचा आर्किटेक्ट म्हणतोय की प्लॉटवर चार वेळा जाऊन केलंय. माझं मत आधीच सांगते, दुसरं घ्या. आता का ते.

पहिल्या प्रकारात एलेव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारा आकार, आधी ठरतो आणि खोल्या त्यात बसवतात. दुसऱ्यात ऊन, वारा, पाण्याचा उतार, शेजारची भिंत, रस्त्याचा आवाज हे आधी बघतात आणि आकार त्यातनं निघतो. पहिल्याचा फायदा खरा आहे, चित्र लगेच कळतं, निर्णय पटकन होतो. दुसऱ्याला वेळ लागतो आणि सुरुवातीची ड्रॉइंग्ज बघून काही कळत नाही, तेवढा धीर लागतोच.

सगळ्यात मोठा फरक उन्हात पडतो. मी दोन वर्षं पश्चिमेला पूर्ण काच असलेल्या ऑफिसात बसलेय, बाहेरून बिल्डिंग सुंदर, पण दुपारी तीन वाजले की स्क्रीनवरचं काही दिसायचं नाही, सगळे पडदे ओढून ट्यूबलाइट लावून बसायचो, म्हणजे काच घेतली उजेडासाठी आणि उजेडच बंद केला. तिथे नुसता आडवा छज्जा पुरत नाही कारण संध्याकाळचा सूर्य खाली असतो, ऊन सरळ आत येतं, त्याला उभ्या पट्ट्या, झाड नाहीतर खोल व्हरांडा लागतो. मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत (1983) आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी हेच केलं, समुद्राचा वारा आणि व्ह्यू पश्चिमेकडूनच, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा पण तिकडूनच, म्हणून फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजली उंचीच्या बागेसारख्या गच्च्या ठेवल्या आणि राहायच्या खोल्या आत घेतल्या. ती बिल्डिंग लोकांना लक्षात राहते ती त्या कोरलेल्या कोपऱ्यांमुळेच, म्हणजे देखणेपण गेलं कुठेच नाही. याउलट लंडनच्या 20 फेनचर्च स्ट्रीट या इमारतीची दक्षिणेची काच आत वळलेली, 2013 मध्ये तिनं ऊन एकवटून खाली रस्त्यावर पाडलं आणि पार्क केलेल्या गाडीचे भाग वितळले, मग नंतर बाहेरून सनशेड बसवावी लागली.

पाण्याचंही तसंच. आर्किटेक्ट मीस व्हॅन डेर रोहेंचं अमेरिकेत इलिनॉयमधलं फार्न्सवर्थ हाउस (1951) मला मनापासून आवडतं, नदीचा पूर लक्षात घेऊनच ते खांबांवर दीड मीटरहून वर उचललं होतं, तरी 1954 ला पाणी आत शिरलं आणि 1996 ला परत. म्हणजे नुसतं जागा बघितली म्हणून भागत नाही, नीट मोजावी लागते.

एक सावधगिरी. हल्ली थोडा दगड, थोडं लाकूड लावून पण 'कॉन्टेक्स्ट', म्हणजे जागेला धरून केलेलं, असं म्हणतात, ते एलेव्हेशनच झालं. ओळखायचं सोपंय, ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारा, ही खिडकी इथेच का? उत्तरात वारा, ऊन, शेजारी असं काही आलं पाहिजे, 'बॅलन्स दिसतो' एवढंच आलं तर समजून जा.

शोरूमसारखं, लांबून नजरेत भरणं हेच ज्याचं काम, तिथे पहिला प्रकार चालेल. जुन्या गल्लीत मात्र शेजारच्या घरांची उंची, छपराची रेष हीच जागेची माहिती असते, तिथे दिसणं पण जागेतच मोडतं.

राहायच्या घरासाठी माझा हिशोब साधा आहे. क्लॅडिंग (भिंतीला बाहेरून लावलेला दगड-लाकडाचा थर), रंग, ग्रिल दहा वर्षांनी पण बदलता येतं. घराचं तोंड, प्लिंथची म्हणजे जोत्याची उंची, खिडक्यांच्या जागा बदलायच्या म्हणजे तोडफोड.

सही करायच्या आधी दोन्ही ड्रॉइंग घेऊन दुपारी चारला प्लॉटवर जा, बेडरूम येणार तिथे पंधरा मिनिटं उभे राहा आणि शेजारच्या कंपाउंडवर साचलेल्या पाण्याचा डाग कुठपर्यंत चढलाय ते टेपनं मोजा. प्लिंथ त्या डागाच्या खाली येत असेल तर ते ड्रॉइंग कितीही आवडलं असलं तरी आधी बदलून घ्या.