लेव्हलॉगर ५: खाणीखालच्या व्हाळावर कितपत भरवशाचा?

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या लोहखनिज खाणींखालचे व्हाळ (ओढे) मेमध्ये घोट्याएवढे असतात आणि जुलैतल्या एका मोठ्या सरीत छातीपर्यंत चढतात. दिवसातून एकदा पाण्यातली मोजपट्टी वाचून असा पूर सापडत नाही. सोलिन्स्ट या कॅनडातल्या कंपनीचा लेव्हलॉगर ५, म्हणजे पाण्यात राहून पातळी आपोआप नोंदवणारे यंत्र, तो पकडतो. २२ मिमी जाड, १६० मिमी लांब नळीत दाब आणि तापमानाचे सेन्सर आहेत. दर १५ मिनिटांनी नोंद घेतली तर वर्षाला ३५,०४० नोंदी होतात, म्हणजे दीड लाख नोंदींच्या मेमरीत चार पावसाळे मावतात. पुराची खोली ५ मीटरच्या आत असेल तर त्याच पल्ल्याचे मॉडेल घ्यावे, अचूकता ±०.३ सेंमी.

बॅरोलॉगर, म्हणजे फक्त हवेचा दाब नोंदवणारे यंत्र, मात्र सोबत हवाच. लेव्हलॉगर पाण्याचा आणि हवेचा दाब एकत्र मोजतो. १ मिलिबार म्हणजे साधारण १ सेंमी पाणी. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारला उतरतो आणि फरक ३-४ मिलिबार पडतो. तो वजा केला नाही तर पाऊस नसतानाही व्हाळ रोज ३-४ सेंमी वरखाली होताना दिसतो. खाणीतला उपसा पंप ठरावीक वेळी चालतो, असा चुकीचा निष्कर्ष यातूनच निघतो. दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळवावीत आणि बॅरोलॉगर पुराच्या रेषेपेक्षा बराच वर, सावलीत टांगावा.

बसवताना दोन इंची छिद्रांचा पाइप खडकाला पक्का करावा आणि लॉगर स्टीलच्या तारेवर सोडावा. नायलॉनची दोरी ताणते, मोजणीचा शून्यबिंदू सरकतो. डंपवरून (खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावरून) येणारा बारीक लाल गाळ छिद्रे बुजवतो. मग पाइपातले पाणी उशिरा चढते आणि पुराचा माथा चपटा येतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पाइप धुवावा, आणि प्रत्येक खेपेला पट्टीचे वाचन लिहावेच. उन्हाळ्यात तापमानाचा आलेख अचानक रोज मोठे हेलकावे घेऊ लागला, तर लॉगर पाण्याबाहेर उघडा पडला आहे.

यंत्र पातळी देते, प्रवाह (दर सेकंदाला किती पाणी वाहते ते) नाही. त्यासाठी वेगमापकाने व्हाळाच्या रुंदीत किमान वीस उभ्या रेषांवर मोजणी करावी: उथळ पाण्यात पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ पटीवर, खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ पटीवर. गाळाने तळ बदलला की पातळी-प्रवाहाचा जुना आलेख निकामी होतो, म्हणून मोठ्या पुरानंतर पुन्हा मोजणी करावी. खर्च धरताना लोक हेच विसरतात, आणि आमच्या मते यंत्राइतकेच पैसे इथे राखून ठेवावेत.

गढूळपणा हा लॉगर सांगत नाही, त्याचे नमुने पाणी चढत असतानाच भरावे लागतात. मांडवीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तर लॉगर एकटा उपयोगाचाच नाही. तिथे पातळी तीच राहून पाणी उलटे वाहू शकते, त्यामुळे वेग सतत मोजणारे यंत्रच बसवावे.