गच्चीवरचा सौर बंब की न्हाणीघरातला गिझर?

पुण्यात घर बांधत असलेल्या माझ्या मेहुण्यांपुढे सध्या हाच प्रश्न आहे. 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 42 अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धे युनिट वीज लागते, म्हणजे चौघांच्या चार बादल्यांना रोज दोन युनिटे. तापलेले पाणी गिझरमध्ये तसेच पडून राहिले, तर टाकीतून निसटणारी उष्णता वेगळीच. सौर बंबाला हा रोजचा खर्च नाही. मात्र त्याची सुरुवातीची किंमत गिझरच्या कितीतरी पट असते आणि आषाढ-श्रावणात आभाळ भरून राहिले की त्यातही विजेची कॉइलच लावावी लागते.

विक्रेते सहसा बोलत नाहीत ती गोष्ट नळाच्या लांबीची. आमच्याकडे गच्चीवरचे गरम पाणी तळमजल्यावर येईपर्यंत पाच-सहा लिटर गार पाणी निघून जाते (ते आम्ही कुंड्यांना घालतो). गिझर नळाच्या डोक्यावरच असल्याने हा प्रश्न येत नाही.

बोअरच्या पाण्यातील क्षार दोघांनाही छळतात, पण गिझरची कॉइल तासाभरात साफ होते, तर सौर बंबाच्या काचेच्या नळ्या एकेक उपसून धुवाव्या लागतात.

स्वतःची गच्ची, चार-पाच माणसे आणि बरीच वर्षे राहण्याचा बेत असेल, तर सौर बंब घ्यावा. भाड्याच्या घरात किंवा एक-दोन माणसांसाठी पाच तारांकनाचा लहान गिझर, थर्मोस्टॅट 50 अंशांवर ठेवून, पुरेसा आहे. मेहुण्यांना मी सौर बंबच सुचवला आहे, मात्र न्हाणीघराच्या बरोबर वर बसवण्याच्या अटीवर.