रोबोटला मिशा लावल्या, महिनाभर वापरून लिहितोय

चाकांवर फिरणाऱ्या छोट्या रोबोटसाठी मिशांचा सेन्सर किट घेतला होता, महिनाभर रोज चालवतोय. नायलॉनच्या चार काड्या आहेत, उंदराच्या मिशांसारख्या, प्रत्येकीच्या बुडाशी चुंबकाचा बारकासा तुकडा आणि त्याखाली हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकाचा प्रभाव मोजणारा सेन्सर, काडी वाकली की चुंबक हलतो आणि कुठल्या बाजूला किती वाकली ते कळतं. उंदराचंही असंच असतं, केसाला स्वतःला काहीच कळत नाही, सगळं जाणवतं ते मुळाशी.

आधी अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरायचो, जो आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर ओळखतो, पण रोबोट पडद्यात सरळ घुसायचा कारण कापड आवाज पिऊन टाकतं, आणि न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारा इन्फ्रारेड सेन्सर लावला की काचेच्या दारावर जाऊन धडकायचा. मिशांना काच काय, पडदा काय, अंधार काय, सगळं सारखंच. पहिल्याच दिवशी पलंगाखाली मिट्ट काळोखात सोडला तर मिशी भिंतीला घासत कडेकडेने गेला आणि दुसऱ्या टोकाने बाहेर आला, झुरळ पळतं ना भिंतीलगत, डिट्टो तसा! इतका आनंद झाला मला.

आता त्रास. किटमधली सर्वो मोटर, म्हणजे ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर, मिशा मागेपुढे हलवते, पण हलताना काडी स्वतःच्याच झोक्याने वाकते, सेन्सरला वाटतं काहीतरी लागलं आणि रोबोट रिकाम्या हवेकडे वळून थांबतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल आणि शेफिल्डच्या संशोधकांनी स्क्रॅचबॉट नावाचा मिशांचा रोबोट केला होता, त्यालाही असेच भास व्हायचे, मग त्यांनी लहान मेंदूच्या कामावरून सुचलेला फिल्टर लावला, जो स्वतःच्या हालचालीचा सिग्नल ओळखून वजा करतो. मी साधं केलं, मोकळ्या हवेत दोन मिनिटं मिशा हलवून रीडिंग साठवली आणि प्रत्येक झोक्यातून तेवढी वजा केली, भास बरेच कमी झाले. पण हे किटच्या कोडमध्येच असायला हवं होतं, मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही, नवशिक्याने काय करायचं? याचा खरंच राग आला.

दुसरं म्हणजे काडी सगळीकडे एकाच जाडीची. खरी मिशी टोकाकडे निमुळती होत जाते, ही मात्र वस्तूवरून सुटली की कितीतरी वेळ थरथरत राहते. मी पॉलिश पेपरने टोकं घासून बारीक केली, लगेच फरक पडला.

जोरात पळणाऱ्या रोबोटला हा किट घेऊ नका, मिशी टेकल्यावर ब्रेक मारायला जागाच उरत नाही. अडगळीत, पलंगाखाली, सावकाश फिरणाऱ्याला जरूर घ्या, फक्त काड्या घासायची तयारी ठेवा.