उन्हाळ्यातली युवा सेवा: आपल्याच मंडळीत करावी की दूरच्या?

सुट्टीत मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, युवा विभागात इंटर्न म्हणून काम करायचं, एवढं तुमचं ठरलंय. घोडं अडलंय ते पुढे. लहानपणापासून ज्या मंडळीत वाढलात तिथेच राहायचं, की एकही चेहरा ओळखीचा नसलेल्या ठिकाणी जायचं?

दूर निघालेल्याला बायबलमधलं एक वचन हमखास ऐकवलं जातं: संदेष्ट्याला मान मिळतो, फक्त स्वतःच्या गावात आणि घरात मिळत नाही (मार्क 6:4). पण एकच अध्याय मागे जा. सरोवरापलीकडे भूतग्रस्त माणूस बरा होतो, येशूबरोबर नावेतून निघायची विनंती करतो, आणि येशू त्याला सांगतो की घरी जा, आपल्या माणसांना सांग (5:19). त्यामुळे वचन दाखवून दोन्ही बाजूंना वाद जिंकता येतो. निर्णय मात्र दुसऱ्याच गोष्टींवर घ्यावा लागतो.

ओळखीचा फायदा, ओळखीचं ओझं

आपल्या मंडळीत तुम्हाला आयती माहिती असते. मागच्या बाकावरचा मुलगा महिनाभर का आला नाही, कोणत्या दोन मैत्रिणींना एका गटात घालायचं नाही, कोणाच्या घरी सध्या काय चाललंय, हे कुणी सांगावं लागत नाही. दूरच्या ठिकाणी पहिले दोन आठवडे नुसती नावं लक्षात ठेवण्यात जातात.

पण तुम्हाला जसं सगळे माहीत, तसे तुम्हीही सगळ्यांना माहीत. ज्या ताईंनी रविवारच्या शाळेत तुमच्याकडून वचनं पाठ करून घेतली, त्यांनाच आता 'तुम्ही नोंदणीच्या टेबलावर बसाल का?' असं सांगायचं असतं. त्या हसून बसतीलही, पण तुम्ही पाठ वळवली की टेबल त्यांना हव्या त्या जागी हलवतील. मुलांच्या लेखी तुम्ही अमक्याचा दादा किंवा तमकीची ताई असता. नवीन जागी निदान पहिल्या दिवशी तरी तुम्ही फक्त तुम्हीच असता.

आणि परक्या माणसाला जे सांगितलं जातं, ते ओळखीच्याला सांगितलं जात नाही. संध्याकाळची सभा संपते, बहुतेक मुलं पांगतात, एखादा मात्र खुर्च्या उचलायला रेंगाळतो. चार खुर्च्या एकावर एक रचून झाल्या की, तुमच्याकडे न बघता, घरातली एखादी गोष्ट बोलून टाकतो. रविवारी तुम्ही त्याच्या आईशी गप्पा मारत उभे राहणार असाल तर तो हे बोलायची शक्यता कमीच. दूरच्या इंटर्नची खरी जमेची बाजू मला हीच वाटते. गिटार वाजवता येणं वगैरे नंतर.

धोकाही इथेच आहे. मारहाण, लैंगिक छळ किंवा स्वतःला इजा करून घेण्याबद्दल मूल बोललं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देता येत नाही. ते जबाबदार माणसापर्यंत पोचवावंच लागतं. घरच्या मंडळीत कुणाकडे जायचं हे तुम्हाला ठाऊक असतं. दूरच्या ठिकाणी ते नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या. अल्पवयीन मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने न बसणं, गाडीतून एकट्याला न सोडणं, रात्री खासगी मेसेज न करणं, हे नियम दोन्हीकडे सारखेच. फरक इतकाच की घरी 'अरे, हा आपलाच' म्हणून ते जास्त सैल पडतात.

तुमच्यावर लक्ष कुणाचं?

माझ्या मते निम्मा निर्णय इथे होतो, अंतर नंतर येतं.

न्यूयॉर्कमध्ये 1901 साली रॉबर्ट बोव्हिल यांनी सुट्टीतली बायबल शाळा मोठ्या प्रमाणावर सुरू केली, तेव्हाचा हिशेब सरळ होता: उन्हाळ्यात मुलं रिकामी, चर्चच्या इमारती रिकाम्या, कॉलेजचे विद्यार्थीही रिकामे, मग तिघांना एकत्र आणू. आजचा इंटर्न त्याच हिशेबाचा वारस आहे. म्हणूनच काही मंडळ्यांना इंटर्न हवा असतो तो शिकवायला नव्हे, राबवायला. व्हीबीएस (हीच सुट्टीतली बायबल शाळा), शिबिर, सहल सगळं एकाच हंगामात येतं आणि स्वस्तातले दोन हात हवे असतात. पोस्टर चिकटवायचे, फुगे फुगवायचे, सामान गाडीत चढवायचं. हेही काम आहेच, कमीपणा नाही. पण शेवटच्या आठवड्यातही तेवढंच करत असाल, तर त्यासाठी इतक्या लांब जायची गरज नव्हती.

दरवर्षी इंटर्न घेणाऱ्या दूरच्या मंडळीकडे सहसा कामाचं लेखी स्वरूप असतं, देखरेखीला एक नेमलेला माणूस असतो आणि त्याच्याबरोबर दर आठवड्याची ठरलेली बैठक असते. घरच्या मंडळीत यातलं बरंचसं नसतं. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, तुम्हाला ओळखतात, तुमच्यावर विश्वास टाकतात आणि मोकळे होतात. विश्वास छानच, पण तुमचा बायबल अभ्यास कुठे कंटाळवाणा झाला हे सांगणारं कुणी राहत नाही. घरी राहणार असाल तर ती बैठक स्वतः मागा. दूर जाणार असाल तर अर्जाआधीच विचारा: मला कोण भेटणार, किती वेळा, आणि तो माणूस त्या काळात स्वतः सुट्टीवर तर नाही ना? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण उन्हाळ्यात पाळकही सुट्टी घेतात.

कागदपत्रं, खोली, पैसे

घरी यातलं फारसं काही नाही. दूर गेलात की सगळंच.

मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी बऱ्याच देशांत होते. इंग्लंडमध्ये तिला डीबीएस म्हणतात, ऑस्ट्रेलियात वर्किंग विथ चिल्ड्रन चेक. तिला वेळ लागतो, म्हणून ती निघण्याच्या आदल्या महिन्यावर ढकलू नका. परदेशी जाणार असाल तर व्हिसा हा वेगळाच विषय. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या धार्मिक कामासाठीच्या आर-1 व्हिसाला अर्जापूर्वीची सलग दोन वर्षांची त्याच पंथाची सदस्यता लागते. 'पर्यटक म्हणून या, चालतं' असं कुणी प्रेमाने म्हणालं, तरी त्या देशाचे सरकारी नियम स्वतः वाचल्याशिवाय तिकीट काढू नये.

राहण्याची सोय बहुधा मंडळीतल्या एखाद्या कुटुंबाकडे असते. इथे एक गोष्ट नक्की विचारा: त्या घरातलं मूल तुमच्याच युवा गटात आहे का? असेल तर तुमची कामाची वेळ कधी संपतच नाही. जेवणाच्या टेबलावर गटातल्या भांडणांची सुनावणी होते आणि त्या मुलाला झुकतं माप मिळतं अशी कुजबुज बाकीच्यांत सुरू होते. दुसरं घर मागण्यात संकोच नको. मानधन किती, प्रवासखर्च कुणाचा, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, हे लेखी घ्या. 'देव पुरवेल' हे खरंच, पण बसचा पास कोण पुरवणार तेही लिहिलेलं बरं.

निघण्याचा दिवस

घरच्या इंटर्नला निघायचंच नसतं. सुट्टी संपली तरी मुलं उपासनेला भेटत राहतात, त्यामुळे सुरू झालेलं नातं टिकतं. दूरचा इंटर्न आठ-दहा आठवड्यांत निघून जातो. आधीच मोठी माणसं सोडून गेलेल्या मुलाला हे जास्त लागतं. 'रोज फोन करेन' म्हणणारे इंटर्न दोन महिन्यांत थंडावतात, यात वाईटपणा नाही, कॉलेज सुरू झालेलं असतं. जिथे इंटर्नच्या जोडीला पहिल्या दिवसापासून तिथलाच एखादा कायमचा कार्यकर्ता असतो, तिथे मुलं निराधार होत नाहीत. अशी जोडी नसेल तर मी त्या जागेबद्दल दोनदा विचार करेन.

याआधी कधीच गट चालवला नसेल, तर पहिला उन्हाळा घरीच घालवा. चुकायला ती जागा बरी. एखादा गट चालवून झाला असेल आणि पुढे सेमिनरीला, म्हणजे पाळक होण्याचं शिक्षण घ्यायला, जायचं की नाही हा प्रश्न मनात असेल, तर दूर जा. ओळखीच्या आधाराशिवाय हे काम आपल्याला झेपतं का, ते घरी बसून कळत नाही. ख्रिस्ती शिबिरात काम करणं हा मधला मार्ग, पण तिथे मुलांचा गट सारखा बदलत राहतो, दीर्घ नात्याचा सराव होत नाही.

आणि दूरची जागा पक्की करण्याआधी मागच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नचा नंबर मागा. मंडळी तो द्यायला का-कू करत असेल, तर अर्ज दुसरीकडे टाका.