विज्ञानकथा मालिका: एकट्याने लिहावी, खोलीत बसून रचावी की वाटून द्यावी?

मुंबईत कोणी विज्ञानकथेवर मालिका करायची म्हटली की निर्मात्याचा पहिला प्रश्न बजेटचा असतो, आणि लेखकही त्याच प्रश्नात गुंतून पडतो. माझ्या मते त्याआधी सुटायला हवा असा प्रश्न वेगळा आहे: ही मालिका लिहिणार कोण, आणि कोणत्या पद्धतीने? आज आपल्यापुढे तीन वाटा आहेत. सगळे भाग एकाच लेखकाने लिहायचे, ही पहिली. तीन-चार लेखकांनी एकत्र बसून मालिका रचायची, ही दुसरी. तिला आता आपल्याकडेही सर्रास रायटर्स रूम म्हणतात. तिसरी वाट दैनंदिन मालिकांनी रुळवलेली: कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. या तिन्ही पद्धतींनी मी काम केले आहे, आणि ज्यांना यांतून निवड करायची आहे त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

तुलनेसाठी मी एकच कसोटी मुख्य मानतो. कौटुंबिक मालिकेतल्या जगाचे नियम लेखक, नट आणि प्रेक्षक या सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतात. ठाण्याहून दादरला लोकलने यायला किती वेळ लागतो, हे संवादलेखकाला कोणी सांगावे लागत नाही. विज्ञानकथेत मात्र जग नव्याने उभे केलेले असते, आणि त्याचे नियम कोणीतरी सांभाळावे लागतात. ते कोणाच्या डोक्यात किंवा कोणत्या वहीत सांभाळले जाणार आहेत, यावर मालिका टिकणार की विस्कटणार हे ठरते.

या कसोटीवर वाटून देण्याची पद्धत सर्वांत कमी पडते. आम्ही एका मालिकेची जुळवाजुळव करत होतो, जिच्यात समुद्र वर चढला होता आणि गिरगाव, दादर, माहीम या भागांत भरतीच्या वेळी पाणी पहिल्या मजल्याच्या खिडक्यांना लागत होते. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यावरून आम्ही नियम केला होता की या शहरात शाळा, बाजार, दवाखाना, सगळे ओहोटीला चालते आणि कोणाचीही वेळ दोन दिवस सारखी राहत नाही. पाचव्या भागाचे संवाद लिहून आले तेव्हा त्यात आई मुलीला म्हणत होती, "ऊठ, रोजची सातची शाळा आहे." वाक्य सहज होते, घरगुती होते, आणि त्या एका वाक्याने आमचे शहर पुन्हा आजची मुंबई झाले होते. चूक संवादलेखकाची नव्हती. त्याला रात्री चार पानांचा सीन मिळाला होता आणि सकाळच्या शिफ्टला संवाद सेटवर पोहोचायचे होते. भरतीचा नियम त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवलाच नव्हता. रोज एक भाग प्रसारित करायचा असेल तर ही पद्धत टाळणे अवघड आहे, हे मी मान्य करतो. पण मग विज्ञानकथेचा भार हलका ठेवावा: सगळे जग आजचे आणि त्यात एकच वेगळी गोष्ट. असा एक नियम तिघांच्याही लक्षात राहतो, दहा राहत नाहीत.

एकट्याने लिहिण्याचा मोठा लाभ म्हणजे नियम एका डोक्यात राहतात. आपल्याकडे या वाटेची ओढ अधिक असणे स्वाभाविकही आहे, कारण मराठी विज्ञानकथा वाढली ती कथेच्या रूपात, एकट्या लेखकाच्या टेबलावर. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली, ती याच परंपरेतली. दूरचित्रवाणीवर या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. 'बॅबिलॉन 5' या मालिकेच्या 110 भागांपैकी 92 भाग जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी स्वतः लिहिले, आणि तिसरा व चौथा सीझन तर पूर्णपणे त्यांच्या एकट्याच्या हातचा आहे. पाच वर्षांची कथा आधी आखलेली असल्यामुळे पहिल्या सीझनमध्ये टाकलेल्या खुणेचा अर्थ तिसऱ्या सीझनमध्ये उलगडतो, आणि हे सुख एकहाती लेखनात जितके मिळते तितके अन्यत्र क्वचित मिळते.

पण याच मालिकेत एकट्या लेखकाचे धोकेही दिसतात. पहिल्या सीझननंतर मुख्य भूमिकेतला नट बाहेर पडला. प्रत्येक पात्राला कथेतून बाहेर काढण्याची वाट स्ट्रॅझिन्स्कींनी आधीच योजून ठेवली होती, म्हणून मालिका उभी राहिली. पुढे पाचवा सीझन मिळेल की नाही याची शाश्वती नव्हती, तेव्हा त्यांना चौथ्या सीझनमध्येच कथा घाईने आवरती घ्यावी लागली. शेवटचा भागही तेव्हाच चित्रित झाला आणि पाचवा सीझन मंजूर झाल्यावर तो राखून ठेवून 1998 मध्ये दाखवला गेला. त्या सीझनसाठी काढलेली टिपणे हॉटेलच्या सफाई कर्मचाऱ्यांकडून टाकली गेली, अशी हकिकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. एकट्याने लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी ती हकिकत मुद्दाम सांगतो, कारण नियम फक्त स्वतःपाशी ठेवण्याची किंमत तिच्यात नेमकी दिसते.

खोलीत बसून लिहिण्याविषयी मी सुरुवातीला साशंक होतो. माझे मत ज्या सीनने बदलले, तो सीन येथे थोडा विस्ताराने सांगतो. मुलगा मंगळावर कामाला आहे आणि आई गिरगावात आहे, दोघे बोलतात. मी घरी बसून तो फोनवरच्या संभाषणासारखा लिहून नेला होता, प्रश्नाला लगेच उत्तर. खोलीतल्या एका सहकाऱ्याने विचारले, त्या दिवशी मंगळ किती दूर आहे? पृथ्वी आणि मंगळ यांच्यातले अंतर सतत बदलत असल्यामुळे संदेश एका बाजूने पोहोचायला सुमारे 3 ते 22 मिनिटे लागतात. आम्ही 14 धरली. म्हणजे आईने "जेवलास का?" विचारल्यावर उत्तर यायला 28 मिनिटे. तेवढ्या वेळात कुकरच्या शिट्ट्या होतात, आमटीला फोडणी पडते, ताटे मांडली जातात. दुसरी लेखिका म्हणाली, ही बाई उत्तराची वाट बघत बसणार नाही, ती बोलतच राहील, पूर्वी आंतरदेशीय पत्र लिहायची तशी. तिसरा म्हणाला, मुलाला आई काय विचारणार हे पाठ आहे, तो उत्तरे आधीच पाठवून ठेवील. मग सीन असा झाला: आई तोंड उघडते, आणि तिने काही विचारण्याआधीच मुलाचा आवाज येतो, "जेवलो गं." चौदा मिनिटांपूर्वी म्हटलेले हे दोन शब्द ऐकून ती गॅस बारीक करते आणि क्षणभर काहीच बोलत नाही. एकट्याने मी या सीनपर्यंत पोहोचलो नसतो.

खोलीला मात्र शिस्त लागते. नियमवही पहिल्या दिवसापासून असावी आणि ती लिहिण्याची जबाबदारी एकाचीच असावी. चर्चा रंगते आणि पाने कोरी राहतात, हा अनुभव सर्वांना येतो. आणखी एक सवय मला घातक वाटते. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चे लेखक संवादात तांत्रिक शब्दांच्या जागी नुसते 'टेक' लिहून पुढे जात आणि त्या जागा विज्ञान सल्लागार भरत असत, असे त्याच खोलीतले रोनाल्ड मूर यांनी सांगितले आहे. यंत्राच्या नावापुरते हे चालते. पण पात्र संकटातून वाचणार कसे, हेच जर सल्लागाराने नंतर भरायचे असेल, तर तो प्रसंग लिहिलाच गेलेला नाही असे मी म्हणेन.

याच्या उलट उदाहरण 'दि एक्स्पान्स' या अंतराळप्रवासाच्या मालिकेचे आहे. तिचे प्रमुख लेखक-निर्माते नरेन शंकर यांची कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट आहे, त्यांनी 'नेक्स्ट जनरेशन'साठी विज्ञान सल्लागार म्हणूनही काम केले होते, आणि मूळ कादंबऱ्यांचे दोन्ही लेखक त्या खोलीत बसत. वेग वाढत असतानाच जहाजात वजन जाणवते, हा तिथला नियम. म्हणून जहाजाचे मजले चाळीसारखे एकावर एक, आणि इंजिन तळाशी. एका नियमातून सेट ठरला, नटांच्या हालचाली ठरल्या, भांडणात कोण कुठे आपटेल हेही ठरले. विज्ञान जाणणारा माणूस आरंभापासून खोलीत बसला तर काय साधते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मुंबईत असा माणूस मिळणे कठीण नाही. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. नीट प्रश्न तयार करून गेल्यास जाणकार माणसे आपुलकीने वेळ देतात, असा माझा अनुभव आहे.

पैशांबाबत थोडक्यात: एकट्याला मोबदला पूर्ण मिळतो पण काम लांबते, खोलीत मोबदला वाटला जातो. श्रेयनामावलीत कोणाचे नाव कसे येणार, हे पहिली बैठक होण्यापूर्वी लेखी ठरवावे, आणि कथेची नोंदणी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे आधीच करून ठेवावी.

तेव्हा सहा ते आठ भागांची, शेवट ठरलेली कथा तुमच्याकडे असेल तर ती एकट्याने लिहा, पण एका विज्ञान जाणणाऱ्या वाचकाला प्रत्येक भागाचा पहिला खर्डा दाखवा. एकाहून अधिक सीझनचा विचार असेल, किंवा पात्रांच्या वयाचा आणि अनुभवाचा पसारा तुमच्या स्वतःच्या आयुष्याबाहेरचा असेल, तर तिघा-चौघांची खोली घ्या आणि अखेरचा हात एकाचाच ठेवा. चॅनेलने रोजचा भागच मागितला आणि काम वाटून देण्यावाचून गत्यंतर नसले, तर नियमवहीची एक प्रत संवादलेखकाला पहिल्या सीनच्या आधी द्या, आणि तिच्या पहिल्या पानावर भरती-ओहोटीचे वेळापत्रक चिकटवा.