पापणी उचलून देतो म्हणून ५७,५०० रुपये उचलले

सांगलीत कुणी ‘टाक्यांशिवाय पापणी वर, अर्ध्या तासात घरी’ म्हणत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. भिंतीवरची फ्रेम बघून पैसे देऊ नका.

नटायची हौस म्हणून मी गेले नव्हते. शिलाई करते. डावी पापणी बाहुलीवर यायची, सुई ओवताना कपाळ ताणावं लागायचं. विश्रामबागेकडच्या त्या गाळ्यात बुकिंगचे ५,००० आणि ऑपरेशनचे ३८,००० दिले. तपासणी म्हणजे मोबाइलवर फोटो! नंतर मिरजेच्या नेत्रतज्ज्ञांनी कपाळ दाबून धरलं, खाली-वर बघायला लावलं आणि पापणी किती मिलिमीटर उचलते ते पट्टीने मोजलं. संध्याकाळी जास्त पडते का, दोन-दोन दिसतं का, हेही विचारलं. मायस्थेनिया या स्नायू थकण्याच्या आजारातही पापणी पडते, तिथे आधी औषधं लागतात. पट्टी न घेणाऱ्याला डोळ्याला हात लावू देऊ नका.

ऑपरेशननंतर डावी होती तिथेच. तर गाळ्यातला तो ‘डॉक्टर’ म्हणतो, “मॅडम, एक वर आली की दुसरी खाली येतेच. उजवीही करू, सारख्या दिसतील.” असं होतं हे खरं आहे, मिरजेतही तेच सांगितलं. पण त्यासाठी पहिली वर यायला लागते की! आरसा माझ्या हातात, डावी तशीच लोंबतेय, आणि मी १४,५०० चा क्यूआर कोड स्कॅन करतेय. नाव आलं कुठल्याशा किराणा दुकानाचं. तेव्हाच कळायला हवं होतं, असं सांगणारे आता रोज भेटतात. डोळ्यावर सूज, समोर पांढरा कोट, ४३,००० आधीच अडकलेले. तुम्ही उठला असता?

दिलेल्या तारखेला गाळ्याला कुलूप.

त्याने नुसती कातडी कापली होती, पापणी उचलणाऱ्या स्नायूला हातच लावला नव्हता. कातडी इतकी गेली की झोपेत डोळा पुरता मिटत नाही. रात्री मलम घालते.

पोलीस ठाण्यात म्हणाले, डॉक्टरवर गुन्हा घ्यायचा तर सरकारी डॉक्टरांचं मत आणा. सरकारी डॉक्टर म्हणतात, पोलिसांचं पत्र आणा. अहो, तो डॉक्टर आहे का तेच आधी बघा! पालिकेत तर कमालच: आमच्याकडे असा दवाखाना नोंदलेलाच नाही, मग कारवाई कुणावर करायची? नोंद नाही हाच गुन्हा ना? वर तिथला एक बाबू माझ्याकडे निरखून म्हणतो, “बरी दिसतीय की पापणी.”

केसपेपर लेखी मागा, ७२ तासांत देणं डॉक्टरला बंधनकारक आहे. गाळा उघडा असतानाच मागा.

आता ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. त्या किराणा दुकानाच्या नावावर आणखी कुणी पैसे भरले असतील तर पावती, स्क्रीनशॉट जपा आणि मला कळवा. एकटीचं कुणी ऐकत नाही.